जिन्याला पायऱ्या किती?

आधीचा रविवार : सॅन होजे

खरं तर त्या दिवशी कुठंच जायचं नव्हतं. जावई ऑफिसच्या कामात, मुक्ताला भाजी आणायची होती, आणि "आई-बाबा, तासभर बागेत बसा, मी आलेच" असं म्हणून तिनं आम्हाला कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या हिस्टरी पार्कमध्ये सोडलं. जुनी घरं, जुनी ट्राम असं एकेक बघत चाललो होतो. मध्येच विटांचं एक छोटं दुमजली देऊळ दिसलं. वरच्या मजल्यावर सोन्याचा वर्ख दिलेला, कोरीवकामानं गच्च भरलेला देव्हारा. त्यातल्या पाच देवांपैकी लाल तोंडाचा, लांब दाढीचा देव पाहून मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा तर आपला माझगावचा!"

माझं बालपण घोडपदेवच्या चाळीत गेलं आणि लग्न होऊन आले तीही दोन गल्ल्या सोडून असलेल्या चाळीतच. डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ, नवाब टँक रोडला चिनी लोकांचं एक जुनं देऊळ आहे, सी यप कून. १९१९ सालचं. खाली देवी क्वान यिन, वरच्या मजल्यावर हा लाल तोंडाचा क्वान कुंग. लहानपणी चिनी नववर्षाच्या दिवशी तिथं जाऊन आम्ही मुलं उदबत्त्यांच्या धुरात खोकत उभी राहायचो. सी यप म्हणजे काय, हे बासष्ट वर्षांत कधी कुणाला विचारलं नाही.

ते सॅन होजेत कळलं. देवळात बसलेल्या स्वयंसेवक आजींना मी मोबाइलवर माझगावचा फोटो दाखवला. त्या हसल्या. सी यप म्हणजे चार परगणे, क्वांगतुंग प्रांतातले. त्यांचे आजोबा त्याच चारांतल्या एका परगण्यातून कॅलिफोर्नियात आले होते. इथं आलेले बहुतेक जुने चिनी तिथलेच. म्हणजे एकाच गावचे दोन भाऊ, एक बोटीनं पूर्वेला गेला, एक पश्चिमेला. एकाचं देऊळ माझगावला, एकाचं इथं.

इथल्या देवळाची हकिगत मात्र साधी नाही. सॅन होजेचं चायनाटाऊन, म्हणजे चिनी वस्ती, १८८७च्या मे महिन्यात लावलेल्या आगीत जळालं. गावात कुणी जागा देईना, तेव्हा जॉन हाइनलेन नावाच्या जर्मन गृहस्थानं आपली जमीन भाड्यानं दिली. त्या वस्तीत १८८८मध्ये हे देऊळ, एनजी शिंग गुंग, उभं राहिलं. १९४९मध्ये ते पाडलं. देव्हारा मात्र बांधून ठेवला गेला, आणि १९९१मध्ये या बागेत देवळाची प्रतिकृती उभारून त्यात बसवला. विटा नव्या, देव जुने. शहरानं त्या आगीबद्दल माफी मागितली २०२१ साली.

मी एकतीस वर्षं वॉर्ड ऑफिसात रेकॉर्डला काढली. बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांचं पुढं काय होतं हे मला चांगलं ठाऊक आहे: वाळवी. तेव्हा बेचाळीस वर्षं हा देव्हारा कुणीतरी सांभाळला, यातच मी गार झाले. रात्री जेवताना मी मुक्ताला म्हटलं, गोल्डन गेट राहू दे, मला असलं आणखी दाखव.

शुक्रवार : चायनाटाऊन

सनीवेलहून रेल्वेनं सॅन फ्रान्सिस्को. प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

ड्रॅगनच्या कमानीतून आत शिरणारी ग्रँट अव्हेन्यू ही पर्यटकांची. तिथं फोटो काढा आणि एक गल्ली वर स्टॉकटन स्ट्रीटला या. इथं मला थेट दादरचं मार्केट आठवलं. त्याच पिशव्या, भावावरून तशीच हुज्जत, आणि माझ्या पायावरून चाकाची पिशवी नेणाऱ्या तशाच आज्या. कारली, दुधी, वीतभर लांब चवळी, आलं, जिवंत खेकडे. मी माशांपाशी रेंगाळले, हे शाकाहारी असल्यामुळे समोरच्या फुटपाथवर. एका बेकरीसमोर चंद्रोत्सवाच्या मूनकेकसाठी रांग लागली होती. यंदा त्यांचा चंद्रोत्सव आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी, सोमवारी. एक डबा घेतला.

क्ले स्ट्रीटचा चढ मात्र जीव काढतो. गुडघे दुखत असतील तर वरच्या अंगानं येऊन उतरत जा. ९६५ नंबरला चायनीज हिस्टॉरिकल सोसायटीचं म्युझियम आहे. संस्था १९६३ची, इमारत १९३२ची. ज्युलिया मॉर्गन या बाईंनी ती चिनी मुलींच्या वायडब्ल्यूसीए या स्त्रियांच्या संस्थेसाठी बांधली. दरवाजातून आत गेलं की आधी शांतता जाणवते. निघण्यापूर्वी वेळा मात्र बघून घ्या. लहान म्युझियमं रोज उघडी नसतात.

आत मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती फ्रँक वाँग यांच्या छोट्या खोल्यांपुढं. हे गृहस्थ चायनाटाऊनमध्ये वाढले, पुढं हॉलिवूडमध्ये सेटचं काम केलं, आणि मग आठवणीतल्या खोल्या काचेच्या पेटीत मावतील एवढ्या करून बसवल्या. आजीचं स्वयंपाकघर, लाँड्री, औषधी मुळ्यांचं दुकान, एकट्या माणसाची खोली. आपल्याकडे भातुकलीत बाहुली असते, इथं माणूसच नाही. माणूस आत्ता उठून बाहेर गेलाय असं वाटतं. स्वयंपाकघरातली भांडी बोटाच्या पेराएवढी, आणि चकचकीत नाहीत! वापरून काळवंडलेली. तो काळेपणा आठवून रंगवायचा म्हणजे त्या आजीच्या ओट्याशी किती वेळ घालवला असेल.

एकट्या माणसाची खोली बघून हे म्हणाले, "गिरणीतल्या खानावळीवाल्यांसारखं दिसतंय." बरोबरच. १८७५च्या कायद्यानं चिनी बायकांना जवळजवळ बंदी झाली, १८८२च्या कायद्यानं मजुरांना. आलेले पुरुष तसेच एकटे म्हातारे झाले. आपल्या गिरणगावातले चाकरमानी निदान शिमग्याला गावी जायचे.

लाँड्रीवरून मला माझ्या खात्याची गोष्ट सापडली. १८८०मध्ये शहरानं नियम केला की लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी हवी. कारण काय, तर आग. शहरात ३२० लाँड्र्या, त्यातल्या ३१० लाकडी. चिन्यांचे सुमारे २०० अर्ज आले, सगळे नामंजूर. बाकीचे ऐंशी, एक वगळता सगळे मंजूर. यिक वो नावाच्या लाँड्रीचा खटला १८८६मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालय म्हणालं, नियम कागदावर सरळ असला तरी तुम्ही तो वाकडा वापरताय. माणसाचं नाव बघून फाइल कशी खाली सरकते हे ज्यानं टेबलावर पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

म्युझियममध्ये जुन्या जाहिरातीही आहेत, लांब शेंडीच्या चिन्याची टर उडवणाऱ्या. मुक्ताला ते खटकलं. "हे कशाला ठेवायचं?" मला वाटतं ठेवायलाच हवं. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणेल, असं काही नव्हतंच हो.

जेवायला डिमसम. ह्यांच्यासाठी मशरूमचे आणि पालकाचे, माझ्यासाठी कोळंबीचे. जेवताना मुक्तानं न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. ती तिथं शिकत होती तेव्हा, २३ जानेवारी २०२०ला, मलबेरी स्ट्रीटच्या ७० नंबरच्या इमारतीला आग लागली. तिथं तिथल्या चिनी म्युझियमचा सगळा साठा होता, सुमारे ८५,००० वस्तू: पत्रं, तिकिटं, दुकानांच्या पाट्या. त्यातलं बरंच १९८० सालापासून दोन-चार वेड्यांनी कचऱ्याच्या पेट्यांतून उचलून आणलेलं. जळालं थोडं, भिजलं जास्त. सगळं गेलं असंच आधी वाटलं होतं, पण बराचसा साठा वाचला. "आधी कचऱ्यातून वाचवलं, मग आगीतून, मग पाण्यातून," मुक्ता म्हणाली. हे म्हणाले, "तुझ्या आईला तिथं नोकरी द्यायला हवी होती."

शनिवार : एंजल आयलंड

एंजल आयलंड हे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतलं बेट. शहरातल्या फेरी बिल्डिंगवरून बोट. खाडीत गार वारा, टोपी उडाली ह्यांची. (गेलीच. स्वेटर, कानटोपी, आणि खायचं बरोबर घ्या. बेटावर कॅफे आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.) अर्ध्या तासात आयाला कोव्हला उतरलो. तिथून इमिग्रेशन स्टेशनपर्यंत, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवून तपासायच्या जुन्या ठाण्यापर्यंत, दीडेक मैल. सुरुवातीला शंभरावर पायऱ्यांचा जिना आहे, तो टाळून डांबरी रस्त्यानं गेलात तर चाल वाढते पण दम टिकतो. आम्ही रस्ता धरला. निलगिरीचा वास, खाली निळं पाणी, पलीकडे माउंट टॅमलपायस. त्याच डोंगराच्या बाजूला सॅन राफेलमध्ये आपले वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे लष्करी शाळेत शिकले होते. इतक्या सुंदर जागी तुरुंग कुणाला सुचला असेल!

१९१० ते १९४०. पॅसिफिकवरून येणाऱ्यांना इथं उतरवून तपासायचे. युरोपीय प्रवासी बहुतेक बोटीवरूनच सुटायचे. चिनी माणूस आठवडे, महिने, कधी त्याहून जास्त. आपलेही लोक होते. १९१५मध्ये कला बगाई आणि वैष्णोदास बगाई तीन मुलांना घेऊन इथूनच आत गेले.

बराकीत तीन-तीन मजली खाटा, एका खांबाला लटकवलेल्या. मधून चालायला एक माणूस जाईल एवढी वाट. दोरीवर कपडे वाळत घातलेत, खाटेवर बॅगा. हे सगळं नंतर मांडलेलं आहे. खरं आहे ते भिंतीवर.

पहिल्यांदा काहीच दिसत नाही. मळकट रंगाच्या फळ्या. गाइड मुलीनं टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला आणि अक्षरं वर आली. उभ्या ओळी, शेजारी-शेजारी, नीट मापात. कविता आहेत, दोनशेच्या वर सापडल्यात. आधी शाईनं लिहायचे, मग कोरायचे. अधिकाऱ्यांनी त्या खाचा पुट्टीनं बुजवल्या आणि वर रंग मारला. मग पुन्हा कुणीतरी कोरलं, पुन्हा रंग. पुट्टी आकसली तशी अक्षरं परत दिसायला लागली, आणि त्या रंगाच्या थरांनीच लाकूड टिकवलं. पुसायला मारलेला रंग संवर्धनाला उपयोगी पडला! एका कवितेचा अर्थ मुलीनं सांगितला: इमारत जेडची बांधलीत तरी पिंजराच. खाली सही नाही. बहुतेक कवितांखाली नाही, कारण सही म्हणजे पुरावा.

या भिंती आज उभ्या आहेत त्या एका माणसामुळे. १९७०मध्ये बराकी पाडायचं ठरलं होतं. अलेक्झांडर वाइस नावाचा पार्क रेंजर टॉर्च घेऊन आत गेला, अक्षरं पाहिली, साहेबांना सांगितलं. साहेबांना काही वाटलं नाही. मग त्यानं ओळखीच्या प्राध्यापकांना, जॉर्ज अराकींना सांगितलं, त्यांनी फोटोग्राफर आणला, लोक जमले, आणि १९७६मध्ये राज्यानं अडीच लाख डॉलर मंजूर केले. तो रेंजर "आपलं काम नाही" म्हणून टॉर्च बंद करून निघून गेला असता तर?

मी गाइडला विचारलं, बायकांच्या कविता कुठं आहेत? बायकांना मुख्य इमारतीत ठेवायचे, आणि ती इमारत १९४०च्या ऑगस्टमध्ये जळाली. बायकांनी काय लिहिलं ते गेलं. तेवढं बोलून ती पुढच्या खोलीकडे वळली. मी थोडा वेळ मागंच राहिले.

आता जिन्याची गोष्ट. १९०६च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचं जन्मनोंदींचं रेकॉर्ड जळालं. मग चिनी माणूस म्हणू लागला, मी इथंच जन्मलो, दाखला तुमच्याकडेच होता. खोटं कसं पाडणार? इथं जन्मला म्हणजे नागरिक, नागरिकाची मुलं आत येऊ शकतात. मग गावाकडे नसलेले मुलगे कागदावर जन्माला आले, आणि त्या जागा विकल्या गेल्या. हे कागदोपत्री मुलगे. सरकारलाही ते कळत होतं, म्हणून बापाला आणि मुलाला वेगवेगळं बसवून उलटतपासणी. घराचं तोंड कुठल्या दिशेला? विहीर कुठं? दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? तांदळाचा रांजण कुठं ठेवता? जिन्याला पायऱ्या किती? उत्तरं जुळली नाहीत तर परतीची बोट. त्यासाठी उत्तरांच्या वह्या पाठ करायच्या आणि किनारा दिसायच्या आधी समुद्रात टाकायच्या.

खरी बाप-लेकाची जोडीसुद्धा यात नापास व्हायची. मी ह्यांना म्हटलं, "आपल्या चाळीच्या जिन्याला पायऱ्या किती?"

"अठरा."

"बावीस."

"अगं, मी तिथं जन्मलो!"

"मी तिथं पाण्याच्या कळश्या चढवल्या."

गाइड मुलीला मराठी कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळलं. ती म्हणाली, इथं येणारी सगळी जोडपी हेच करतात.

या जबान्यांच्या हजारो फायली सॅन ब्रूनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नातवंडं आजोबांच्या गावचा नकाशा शोधत तिथं जातात. मला हे भलतंच वाटतं. ज्या सरकारला ही माणसं नको होती त्याच सरकारनं त्यांचं इतकं बारीक रेकॉर्ड ठेवलं, आणि त्या रेकॉर्डातलं निम्मं खोटं, जीव वाचवण्यासाठी रचलेलं. कोणत्या फायलीतलं आडनाव खरं हे फाइल सांगत नाही. कबरीवर म्हणे इंग्रजीत कागदाचं आडनाव आणि चिनीत खरं. १९५६पासून सरकारनं "कबूल करा, मिटवू" अशी मोहीम काढली, तरी कित्येकांनी घरातसुद्धा तोंड उघडलं नाही. म्हणून त्या काळवंडलेल्या भांड्यांची, लाँड्रीच्या चिठ्ठ्यांची, भिंतीवरच्या सहीविना ओळींची किंमत. तिथं कुणी साहेब समोर बसून विचारत नव्हता.

(शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. आम्ही भिंतीत रमलो आणि शेवटचा अर्धा मैल अक्षरशः धावलो. ह्यांचा गुडघा अजून बोलतोय.)

रविवार : लॉक

सॅक्रामेंटोच्या खाली, नदीच्या बांधाला टेकून लॉक नावाचं एवढंसं गाव आहे. गाडीशिवाय जाता येत नाही. बांधावरचा रस्ता झकास, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या पातळीखाली गेलेल्या पेरच्या बागा. हे बांध घालायला, दलदल उपसायला चिनी मजूर होते. १९१५मध्ये शेजारच्या वॉलनट ग्रोव्हचं चायनाटाऊन जळालं. (हो, पुन्हा आग. चार दिवसांत ही पाचवी.) तिथल्या चिन्यांत दोन तट होते, चार परगण्यांचे आणि चुंगशान नावाच्या वेगळ्या परगण्याचे, बोलीही वेगळी. चुंगशानवाले म्हणाले, आपण आपलं वेगळं गाव वसवू. वाचून बरं वाटलं, आपल्याच मंडळांत फूट पडते असं नाही.

१९१३च्या कायद्यामुळे त्यांना जमीन विकत घेता येत नव्हती. जमिनीच्या मालकांशी, लॉक कुटुंबाशी, तोंडी करार झाला. घर तुमचं, जमीन आमची. घराखालची जमीन रहिवाशांच्या नावावर झाली २००४मध्ये. तोवर त्यांची बहुतेक मुलं शिकून केव्हाच शहरात गेलेली.

मुख्य रस्ता म्हणजे लाकडी दुमजली घरांच्या दोन ओळी, एकमेकांकडे कललेल्या. दाय लॉय नावाचा जुगाराचा अड्डा आता म्युझियम आहे. १९५१ साली बंद पडला. फानतान या चिनी जुगाराची टेबलं तशीच. आत अंधार आणि जुन्या लाकडाचा वास. मुक्ता म्हणाली, "देवळात सोनं, इथं जुगार, दोन्ही जपलंय." मग जपायला नको? बारा तास चिखलात उभा राहिलेला माणूस संध्याकाळी कुठं बसत होता ते कळायला हवं.

गावामागच्या परसांत कारल्याचे वेल दिसले. एकीकडे तर जुन्या कमोडांच्या कुंड्या करून त्यात फुलझाडं लावलेली, ओळीनं. ह्यांनी त्याचेच सगळ्यात जास्त फोटो काढले. जेवणाची सोय गावात मोजकीच आहे. आम्ही थालीपीठं नेली होती, नदीकाठी बसून खाल्ली.

परतताना मला सारखं माझगावच्या देवळात येणाऱ्या माणसांचं वाटत होतं. १९६२च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी भारतीयांना राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं. त्याच धास्तीनं कित्येक घरं देश सोडून गेली. माझ्या वडिलांचे दात एक चिनी डॉक्टर काढायचे, ते एके दिवशी दिसेनासे झाले. वडील एवढंच सांगायचे. त्यांच्या दवाखान्याची पाटी, खुर्ची, पेशंटांची वही कुणी उचलून ठेवली असेल?

सोमवार : कोजागिरी

दिवसभर आराम. रात्री गॅलरीत मसाला दूध आटवून चंद्राला दाखवलं, सोबत मूनकेक. कमळाच्या बियांचं सारण, आत खारवलेलं अंड्याचं पिवळं. ह्यांच्यासाठी बिनअंड्याचा वेगळा आणला होता. गोड जरा जड असतं, एकाचे चार करा.

मग मुंबईला धाकट्या दिरांना फोन लावला. तिथं सकाळ झाली होती. म्हटलं, भावजी, आपल्या चाळीच्या जिन्याला पायऱ्या किती होत्या? तळमजल्यावरून पहिल्या मजल्यापर्यंत.

"वहिनी, चाळ पाडून सहा वर्षं झाली."

"म्हणून तर विचारते."

ते क्षणभरही थांबले नाहीत. "एकवीस. सगळ्यात वरची अर्धी होती, ती धरली तर बावीस."

मी फोन स्पीकरवर टाकलाच होता. ह्यांनी मूनकेकचा आणखी एक तुकडा घेतला आणि म्हणाले, "ठीक आहे. कितीची आहे परतीची बोट?"